दार

मे महिना. जळगाव. गोलाणीचा तिसरा मजला.
कुलर आमच्यासाठी नाही, मशीनसाठी लावलेला;
आम्ही त्याच्या कडेकडेने बसतो,
उसनी हवा घेतो.

अत्तरदे सरांनी विचारलं,
पाच वर्षांनी कुठे असाल?
लोचन बऱ्हाटे म्हणाला, माँट्रियल.
असं म्हणाला, जसं कुणी म्हणावं भुसावळ,
गाडी साडेपाचला.
देवयानी म्हणाली, स्वतःचा स्टुडिओ,
आणि खेळ सुरू होण्याआधी काळ्या पडद्यावर माझं नाव,
तीन सेकंद, वगळता न येणारं.
जुनैद पिंजारीने आकडा सांगितला,
त्यातली शून्यं सरांनी फळ्यावर लिहून मोजली.
माझी पाळी आली.
मी म्हटलं, सर, ते दार अजून नीट उघडत नाहीये.

वर्ग हसला. मीही हसलो.

पण खरंच उघडत नव्हतं.
किल्ला लोचनचा, ढग देवयानीचे,
राक्षसाची चाल जुनैदची,
माझ्या वाट्याला दारं. एकूण एकवीस.
सोपं वाटतं.
दार उघडावं आत की बाहेर,
राक्षस नेमका उंबऱ्यावर उभा असला तर,
खेळणारा अर्ध्यातून मागे फिरला तर,
त्याची पाठ असताना कडी हलावी का?
चार महिने गेले यात.
दार जमल्याची खूण एकच:
ते कुणाच्या लक्षात येत नाही.

मी साधा आहे, असं मी सगळ्यांना वाटू दिलं.
रात्री खोलीवर शेवभाजीचा रस्सा पुसून खाताना
मीही पडदा काळा करतो,
त्यावर माझं नाव येतं
आणि तीन सेकंदांत जात नाही.
मान खाली घालणाऱ्यालाही
ती किती खाली गेली हे मोजायची हाव असते.

दोन दिवस गावी गेलो, अमळनेरकडे.
बोरीकाठच्या महादेवाच्या पायरीवर
वाघ-बकरीचा पट कोरलेला आहे.
कुणी कोरला, कुणालाच माहीत नाही.
या पटावर मी दात पडायच्या वयात रडून हरलोय.
आता बघतो तर एक कोपरा उडालेला, बहुधा पहारीने,
आणि पोरं खेळतायत:
वाघ त्या बाजूला गेला की एक डाव झोपतो.
हा नियम कुठला, मी विचारलं.
एकजण वर न बघता म्हणाला,
"कोपरा टुटी गया ना भाऊ. आते आसंच खेयतस."
मी बसून राहिलो, दगड चटके देत होता तरी.
कोरणाऱ्याने सही केली असती
तर ती नेमकी त्याच कोपऱ्यात असती,
असं मला उगाच वाटलं.

मग दाखवायचा दिवस. पुण्याहून दोन पाहुणे.
लोचनने इस्त्रीचा शर्ट घातलेला, आवाजालाही इस्त्री.
एकोणिसाव्या दारात नायक अडकला,
एक पाय खोलीत, एक लाकडात.
लोचनचा चेहरा उतरला.
आणि मला, सांगायला लाज वाटते, जरा बरं वाटलं:
शेवटी सगळे माझं दार बघत होते.

तेवढंच. मग उठलो.
दार माझं आहे, म्हणालो.
एक शून्य जास्त पडलं होतं. अकरा मिनिटं लागली.
तेवढा वेळ माँट्रियलचा माणूस
माझ्या तापल्या मशीनला
वहीने वारा घालत उभा होता.

सरांची सातवीतली मुलगी खेळायला बसली.
एकोणिसाव्यातून गेली, विसाव्यातून,
एकविसाव्यातून तर धावतच.
"ढग भारी आहेत," म्हणाली.
देवयानी लाजून लाल.
कुलरमधलं पाणी संपलं होतं.
मी बादली घेऊन जिन्याकडे निघालो,
आणि वर्गाचं दार, खरं, पत्र्याचं,
नेहमीसारखं करकरलं.