तक्रार : कसंनुसं

फाहाहील. रात्रीचे पावणेतीन.
बाहेर धुळीचं वादळ, खिडकीच्या फटींना
आम्ही ओले टॉवेल लावलेत,
तरी जिभेवर वाळू येतेच.

तिसऱ्या खाटेवर याकूब हमदुले,
वय एकावन्न, वेल्डर, गाव बाणकोट.
डॉक्टर मिसरी. विचारतात, नेमकं काय होतंय?
याकूबभाई त्यांच्याकडे न बघता मला सांगतात,
“सिस्टर, कसंनुसं होतं.”

अकरा वर्षं मी इथं नर्स आहे
आणि बिनपगारी दुभाषी.
पण ‘कसंनुसं’ मला अजून
कुठल्याच भाषेत उतरवता आलेलं नाही.
‘कसं’चा अर्थ सांगता येतो.
‘नुसं’ला काही अर्थच नाही,
आणि दुखणं सगळं तिथंच.
मी म्हणते, थकलाय.
डॉक्टर लिहितात, थकवा.

छातीला तारा चिकटवते. पट्टी बाहेर येते,
डोंगर सगळे एका उंचीचे.
“काही नाही,” डॉक्टर म्हणतात आणि जातात.
एवढ्यानं कुणाचाही जीव भांड्यात पडावा.
याकूबभाईंचा पडत नाही.
भांडी इथं ढीगभर आहेत, स्टीलची, धुतलेली.

“कधीपासून होतंय?”
“परवा पोरीचा फोन आला तवापासून.”
“काय म्हणाली?”
“अब्बा, तुमी कालजी करू नुका, म्हणाली.”
“आणि पुढं?”
“पुढं काय नाय. लाइन तुटली.
पैलंच वाक्य व्हतं ता.”

आता कळलं.

आपल्याकडे दिलासा बातमीच्या आधी पोचतो,
दारात उभा राहतो, पाणीही मागत नाही,
आणि त्याच्या तोंडाकडे बघूनच
घरातलं माणूस खाली बसतं.

शिवाय हा शब्दच असा.
‘काळजी करू नकोस’ म्हणतो आपण,
आणि फोन ठेवताना ‘काळजी घे’.
म्हणजे करायची नाही, घ्यायची.
किती? जेवणाआधी की नंतर?
मी रोज शंभर गोळ्या मोजून देते,
हे मला कुणी लिहून दिलेलं नाही.

आई पत्रात लिहायची, ‘सगळं नीट होईल.’
ते मी वाचायचे आणि घडी घालायचे.
पण समोर बसून, माझ्या केसांतली गुंत सोडवताना
ती म्हणायची, “होईल गं नीट.”
‘होईल’ पुढं आलेलं असायचं,
‘सगळं’ कुठंतरी गळलेलं.
तेवढ्यानं उतार पडायचा.

शेजारच्या खाटेवरचे बू सालेम,
साखर वाढलेली, झोप उडालेली,
पडद्याआडून खाकरतात आणि म्हणतात,
“मा तशूफ शर.”
वाईट दिसू नये तुला.
आजाऱ्याला इथं असंच म्हणतात,
सगळेच, ओळख असो नसो.
याकूबभाई डोळे मिटूनच उत्तर देतात,
“इश्शर मा यीक.”
वाईट तुझ्याकडे येऊ नये.
तेवीस वर्षांची सवय. हाक आणि ओ.
मी मनगट धरून होते, घड्याळ बघत.
नाडी चार ठोके खाली आली.
हे मी कुठं नोंदवलं नाही.

मग तारा काढायच्या. छातीवर केस दाट,
पट्टी ओढली की माणूस कळवळतोच.
मी ओढली, आणि नकळत,
लहान मुलाच्या गुडघ्यावर घालावी तशी
फुंकर घातली.
दोघंही ओशाळलो.
“आमची मायपण,” ते म्हणाले,
आणि पुढचं वाक्य त्यांनी तसंच ठेवलं.

“तिकडं आता सव्वापाच झाले,” मी म्हटलं.
“उठली असेल पोर. लावा फोन.”

वादळात लाइन लागेना. चौथ्यांदा लागली.
त्यांनी सलाम केला नाही, कशी आहेस विचारलं नाही.
“आदी काय झालाय ता सांग,” म्हणाले,
“कालजीचा मागून बघू.”

मी पडदा ओढून घेतला.
टॉवेल सुकले होते, परत भिजवायला नेले.