उभं राहण्याचं काम

सॅल्फर्डच्या स्टुडिओत माझं काम उभं राहण्याचं.
खरी माणसं मेकअपला बसतात तेव्हा
त्यांच्या जागी आम्ही, छातीवर त्यांच्या नावाचा स्टिकर,
म्हणजे दिव्यांना कळतं कुठे पडायचं.
पूजेत गणपतीच्या जागी सुपारी मांडतात, तशी.
ताशी पैसे, चहा, त्रिकोणी सँडविच.
अंड्याचं संपलेलं असतं, काकडीचं उरतं.

सरावात बटण मीच आधी दाबते.
सरावातले प्रश्न वेगळे, पैसे खोटे.
परवा अकरा हजार पौंड जिंकले
तर निवेदकाच्या जागी उभ्या असलेल्या पोरानं, किअरननं,
माझं अगदी मनापासून अभिनंदन केलं.

काल स्टिकरवर नाव होतं मॉरीन ऑल्ड्रॉइड.
मी तो आधी उलटा चिकटवला.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत मिरजेहून एकल्सला आले.
हे बस डेपोत, रात्रपाळीला.
घरात मी, हीटर,
आणि सात वाजता टीव्हीवर हिची लॉन्ड्री.
मालिकेत तिला विनी म्हणायचे.
काउंटरमागे उभी राहून अख्ख्या गल्लीचे
कपडे आणि कुलंगडी धुवायची.
मी शाळेत शिकलेलं इंग्रजी इथे कुणाला कळत नव्हतं.
कळलं ते हिच्याकडून उचललेलं.
अजून बँकेत भांडते ती हिच्याच आवाजात;
मुलगी म्हणते, आई, असं आता कुणीच बोलत नाही.

रात्री खरा खेळ. चार नामवंत:
निवृत्त गोलकीपर, एक केकवाला, हवामान सांगणारी,
आणि ती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मोरपंखी ब्लाउज, गुडघ्याला पट्टा,
रॉचडेलमधल्या एका हॉस्पिससाठी खेळणारी.
गोलकीपरनं नाईल नदी आशियात नेली. टाळ्या.
तिला शेवटचा प्रश्न मुद्दाम घरचा दिला:
विनीच्या लॉन्ड्रीतल्या पोपटाचं नाव काय?

मी पडद्याआड, केबलच्या भेंडोळ्यावर बसलेली.
बॅरिस्टर.
ओठ हललेसुद्धा माझे.
बारा वर्षं रोज हाक मारायची त्याला.

ती म्हणाली, डग्लस.

भोंगा वाजला. लोक हसले,
मग हसावं की नाही अशा विचारानं थोडं कमी हसले.
हॉस्पिसचे चार हजार गेले.
निवेदक म्हणाला, बिच्चारा पोपट!
तीही हसली. तिला येतं ते.

नंतर तिचा कोट घेऊन गेले. ते माझं काम नव्हे.
बॅरिस्टर, मी म्हटलं. राहवलंच नाही.
कोटाच्या बाहीत हात शोधत ती म्हणाली,
ठाऊक आहे गं. ते लेखकानं ठेवलेलं.
पोपट तीन झाले. पहिला डग्लस.
माझ्या बाहीतून शेंगदाणा काढून खायचा.
दुसऱ्या नाताळात गेला.
सोमवारी शूटिंगला नवा हजर,
तोच रंग, तेच नाव, तीच दांडी.
एकाही माणसाचं पत्र आलं नाही.
मग जराशानं:
पुढचे दोघे चावायचे.

मी तर एकही भाग चुकवला नव्हता.
पोर तापानं फणफणलेली असताना मांडीवर घेऊन पाहिलेत.

तिनं चष्मा लावला, माझ्या छातीवरचं नाव वाचलं.
सावकाश, दोन्ही शब्द.
आज उजेड बरा पडला होता माझ्यावर, म्हणाली,
तू होतीस होय?
आणि काठी टेकत लिफ्टकडे गेली.

स्टिकर काढायचा राहूनच गेला.
एकल्सच्या ट्राममध्ये समोरचा म्हातारा
पुढे वाकून वाचू लागला,
मग माझं तोंड, मग पुन्हा नाव.
तुम्हीच का त्या, असं विचारलं त्यानं.
मी मान हलवली,
आपली आपल्याकडची, आडवीतिडवी.
हो की नाही ते त्याचं त्यानं लावून घ्यावं.