कलती

फॉन्टच्या यादीत ती एकसष्टावी. नाव: कलती.
यादी ओढत ओढत तिच्यापाशी पोचेपर्यंत
नारायण पेठेतलं गिऱ्हाईक अर्धा कप चहा संपवतं.

आधी नियम सांगते, सगळ्यांनाच सांगते:
हिच्यात पत्ता टाकायचा नाही.
चौदा पॉइंटाखाली हिचा ळ गाठ मारून बसतो,
क्ष कुठला, ज्ञ कुठला, तिचं तिलाच कळत नाही.
वधूवरांची नावं चालतात. अत्तर चालतं, पैठणी,
दिवाळी अंकाचं कव्हर, गाण्याच्या बैठकीचं बोलावणं.
परिच्छेद तर नाहीच.
सगळेच नटून आले तर बघायचं कुणी?

शिरोरेघ सरळ, आणि खाली सगळे एका अंगाला:
अलका चौकात बस कचकन थांबली
की दांडीला लटकलेली माणसं कलतात ना, तसे.
पडत कुणी नाही.
फक्त र
जरासा पुढच्यावर रेलतो.

ऐन लग्नसराईत दिवटे आले.
लक्ष्मी रोडच्या मागच्या बोळात
फाउंटन पेन दुरुस्ती, एक्केचाळीस वर्षं.
खिशातून घडीचा कागद काढला:
'सोमवारपासून दुकान कायमचे बंद.
दुरुस्तीस दिलेली पेने घेऊन जावीत.'
भिंतीवरच्या नमुन्यांवरून बोट फिरलं, कलतीवर थांबलं.

म्हटलं, काका, हे लग्नाचं अक्षर आहे.
बंदच्या पाटीला उभं घ्या, ठळक, काळं.
त्यांचं लक्ष नव्हतं. चष्मा कपाळावर ढकलून
पडद्याला नाक लावून ते क वाचत होते.
वाचत म्हणजे, तपासत होते.
'बोरू तिरका तासलाय,' म्हणाले. 'धरलायही छान.
पण इथे, मात्रेला, मनगट उचललंय बघा.
शाई संपत आली होती.
काढणाऱ्याला घाई नव्हती. भूक लागली असावी.'

नऊ वर्षं मी हे अक्षर माउसनं लहानमोठं केलं.
त्यात कुणाचं मनगट आहे
हे डोक्यातच आलं नव्हतं.

बहात्तर पॉइंट. दोन ओळी.
'बंद'चा अनुस्वार चौकोनी पडला,
एका कोपऱ्यावर उभा.
गोल करू का, विचारलं.
'कशाला? रुंद निब टेकवून उचलली
की असाच पडतो.'

बिल मी साध्या उभ्या अक्षरात छापलं.
त्यांनी तेही तपासलं,
आणि वरचे पाच रुपये दिले नाहीत.

आता त्या बोळावरून जाताना
लांबून वाटतं, कुणाकडे तरी कार्य आहे.
माणसं वळतात, जवळ जातात,
मग उभ्या उभ्या वाचतात,
मान थोडी उजवीकडे.