पेंडिंग

ऑफिसात आम्ही मिलिसेकंदाचे हजार तुकडे करतो
आणि त्यातले चार वाचले की पेढे वाटतो.
गेल्या महिन्यात मेहेरनोशने बीकेसीतल्या सर्व्हरची केबल
दीड मीटरने आखूड केली.
कुणी विचारलं, फरक किती पडला?
म्हणाला, प्रकाशाला विचार.

घरी, वडाळ्याला,
सकाळी सातला भाऊंना विचारलं, चहा घेणार?
ते बघत राहिले. ओठ हलले, थांबले.
साडेसातला चहा निवला.
सव्वाअकराला मी मीटिंगमध्ये,
सुगंधाबाईंचा फोन:
ताई, ते म्हणतायत, "अर्धा."

झटका आल्यापासून हे असंच.
डॉक्टर परुळेकर म्हणाल्या, ऐकू सगळं येतं, पोचतंही,
फक्त परतीच्या वाटेवर काम चालू आहे.
वेळ द्या.
मी वेळ वाचवायचा पगार घेते.

पहिले दोन महिने पलंगाशीच बसून असायचे.
प्रश्न टाकायचा आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचं.
दूध उतू जायचं, बेल वाजून वाजून गप्प व्हायची,
इस्त्रीवाला कपडे दाराला अडकवून जायचा,
आणि मी तशीच, अडलेली.
टीममधल्या पोराने असा कोड लिहिला असता
तर सगळ्यांसमोर झाडला असता त्याला:
अरे, एका उत्तरासाठी अख्खा थ्रेड अडवून ठेवतोस?

भाऊ गोदीत टॅली क्लार्क. चौतीस वर्षं.
एकदा मला धक्क्यावर नेलं होतं, मी दुसरीत.
लांब पाण्यात आठ-नऊ जहाजं नांगर टाकून उभी.
विचारलं, ती का थांबलीत?
म्हणाले, ती थांबलीत. आपण नाही थांबलो.
नंबर लिहून ठेवलाय, जागा झाली की येतील.
आणि कानामागची पेन्सिल काढून
पुढच्या गोणीची रेघ ओढली.
चार उभ्या, पाचवी आडवी.

तर आता फ्रीजवर वही आहे,
हँडलला दोरी, दोरीला पेन्सिल.
प्रश्न लिहायचा, तारीख घालायची, कामाला लागायचं.
उत्तर येईल तेव्हा येईल,
ज्याच्या कानावर पडेल त्याने टिपून ठेवायचं.

रांगेने मात्र येत नाहीत.
पंखा कमी करू?
"एकोणीसशे ब्याऐंशी."
(ते सोमवारचं. नोकरीत कायम कधी झालात?)
भाजीत मीठ बरंय ना?
"तांदळाच्या डब्यात."
सुगंधाबाई तोंडाला पदर लावून हसल्या.
मी डबा उपसला. कोपरापर्यंत हात पांढरा,
आणि तळाशी, फडक्याच्या गाठीत,
आईच्या कुड्या.
विचारून एकवीस दिवस झाले होते.
वहीत त्यावर मीच काट मारली होती,
शेजारी लिहिलं होतं टाइमआउट.
तेव्हापासून काही खोडत नाही.

काल रात्री अडीचला ऑफिसचा अलार्म वाजला.
कुठेतरी काहीतरी
तीन मायक्रोसेकंद उशिरा पोचत होतं.
ओट्यावर लॅपटॉप उघडून उभी होते,
डोळ्यांत झोप, पायाखाली गार फरशी,
आणि आतून भाऊ स्पष्ट,
गोदीतल्या आवाजात म्हणाले,
"हो."

वही काढली. पेंडिंग अकरा.
दुखतंय का.
दाढी उद्या करू या का.
गावची जागा काकांच्या नावावर करायची का.
मी कोण, ओळखलंत का.
आई गेल्याचं कळलंय का तुम्हाला.
खिडकी लावू का.

आत गेले. ते डोळे मिटून होते.
मी खिडकी लावली.

मग नव्या ओळीवर "हो" लिहिलं,
तारीख, दोन बेचाळीस,
प्रश्नाचा रकाना कोरा ठेवला,
आणि पेन्सिल सोडली तशी दोरीला हलत राहिली,
ओट्यावर तो अलार्म अजून वाजतोय,
वाजू दे.