ओळ चारशे बारा

यशोधन, नवा पोरगा, कर्वेनगरहून सायकलवर येतो.
पहिल्याच रात्री त्यानं पासवर्ड लिहून टाकला
कमांडच्याच ओळीत, सरळ, अवतरणचिन्हांत,
जणू पत्त्याखाली पिनकोड.

म्हटलं, थांब. शेजारच्या खिडकीत बघ.
चालू कामांची यादी मागवली मी.
कोण काय चालवतंय, कधीपासून,
आणि मधेच त्याचा शब्द, दोरीवर वाळत घातलेला,
या मशीनवर ज्याचं ज्याचं खातं आहे त्याला दिसेल असा.
काम संपलं की यादीतून जातो,
पण वरचा बाण दाब.
बघ. आला परत.

नुसती कमांड द्यायची, रे.
ते विचारेपर्यंत गप्प बसायचं.
त्यानं टाइप केलं. पडद्यावर काही नाही.
अक्षर नाही, चांदणी नाही, कर्सरसुद्धा हलेना.
"मॅडम, कीबोर्ड गेला."
गेला नाही. ऐकतोय.
ऐकणारा दर वेळी मान डोलावतोच असं नाही.

प्रभात रोडवरच्या आमच्या लॅबचे सहाशे-सातशे रिपोर्ट
रोज रात्री नऊला कुलपात जातात:
कुणाची साखर, कुणाचे दिवस राहिलेले,
कुणाचं अजून घरी न सांगितलेलं काहीतरी.

हे सगळं त्याला सांगितलं.
एक नाही सांगितलं.

टिळेकर सर निवृत्त झाले
आणि जुना सर्व्हर माझ्या गळ्यात पडला.
त्याची हिस्टरी चाळत होते, बॅकअप कुठं जातो ते शोधत.
ओळ चारशे बारा.
सरांनी एकदाच, घाईत असतील, लाइट जायची वेळ असेल,
शब्द कमांडमध्येच लिहिला होता.
एका बाईचं नाव. पुढे एक साल.

सरांच्या पत्नी मंदाकिनीताई,
संक्रांतीला लॅबभर वड्या वाटायच्या.
आणि हे नाव

पासवर्ड:

ओळ पुसली. फाइल पुसली.
त्याच दुपारी पासवर्ड बदलला, दोनदा तपासलं.
मशीन विसरलं.
मला कुणी बाण दाबावा लागत नाही,
मेथी निवडताना येतं ते, नळस्टॉपच्या सिग्नलला येतं.

रविवारी सर वेताळ टेकडीवर भेटतात,
खाणीच्या कडेला, कानटोपी, हातात काठी नुसतीच.
"काय म्हणतो सर्व्हर?"
"काही नाही सर. गप्प आहे."
"गप्पच बरा."
मग खालच्या पाण्याकडे बघत,
"माझा पासवर्ड बदललास ना गं?"
"पहिल्याच दिवशी."
"हं," म्हणाले. आणि वळून
माझ्या तोंडाकडे बघत राहिले, जरा जास्तच.

मी कर्सर हलू दिला नाही.

त्यांनी खिशातून शेंगदाणे काढले,
फुंकर घालून सालं उडवली,
निम्मे माझ्या हातावर ठेवले.