समास

मीटिंगमध्ये ठरलं: वाचक पुरुष, वय तीस ते पंचावन्न,
माथाडी, मसाला मार्केट, तुर्भे.
मुखपृष्ठावर हसरा हमाल टाका, म्हणाले विश्वासराव.

मी गाळ्यागाळ्यांतून फिरून आले.
दोन दिवस नुसती शिंकत होते.
मग अक्षर चौदा पॉइंट केलं,
अंक खिशात मावेल असा कापला
आणि मिरचीच्या, हळदीच्या अंगठ्यांसाठी
समास सोडला दीड इंच,
कोरा.
"जागा फुकट जातेय," विश्वासराव.

परवा आनंदा शेलारांनी जुना अंक परत दिला.
समास स्वच्छ.
पिवळा अंगठा उमटलाय पान अकरावर,
पाटणच्या एसटीच्या वेळापत्रकावर,
जे मी अगदी शेवटी, जागा उरली म्हणून,
आठ पॉइंटात
कोंबलं होतं.