तोटी

आज पाचव्या दिवशी नळ आला, पहाटे पावणेतीनला.
आधी पिण्याचं, मग वापरायचं,
उरल्या तर दोन बादल्या माझ्या
असा घरातला करार.
नागूबाई उंबऱ्यात बसून बघते.
"देवाच्या समईला कधी एवढं घासलं नाहीत."

घासत नाही गं. घासलं की ओरखडे पडतात,
ओरखड्यात जंतू बिऱ्हाड करतात.
कोमट पाणी, धुण्याचा सोडा, मऊ फडकं,
फडकं म्हणजे आपल्याच कारखान्याचा टॉवेल, सेकंडातला,
कोपऱ्यात निळा डाग.

मागच्या खेपेची वाइन आंबली.
सांगोल्याची डाळिंबं, नऊ किलो,
दोघांनी रात्री जागून दाणे सोडवलेले.
तीन आठवड्यांनी झाकण काढलं
तर वास थेट शिरक्याचा.
लावण्यानं हैदराबादहून विचारलं,
"बाबा, नीट धुतलं होतं ना?"
मला!
चौतीस वर्षं डाइंग मास्तर होतो.
कॉस्टिकनं बोटांचे ठसे गेले माझे,
रेशनचं यंत्र अजून ओळखत नाही.

तरी आज सगळं सुटं केलं.
पिंप. झाकण. रबराची चकती.
नळीत दोरा सोडला, दोऱ्याला चिंधी,
आरपार ओढली, दिव्यापुढे धरून
एक डोळा मिटून पाहिली.
राहिली तोटी.
पिंपाच्या बुडाशी असते, प्लास्टिकची, अंगठ्याएवढी.
बाहेरून लख्ख.
गरम पाण्यात टाकून पिळली तर दोन तुकडे झाले.
ती उघडते हेच मला ठाऊक नव्हतं.
आत, आट्यांमध्ये,
तपकिरी, बुळबुळीत,
भिजल्या शेंगदाण्याच्या सालीसारखं काहीतरी.

एक्याण्णव साली, अक्कलकोट रोडला,
पांढऱ्या टॉवेलांचा अख्खा लॉट ठिपके घेऊन निघाला.
तपकिरी ठिपके. जर्मनीचा माल.
शेठ वरून खाली आला.
मी म्हणालो, इरण्णानं टाकी धुतली नाही.
इरण्णा म्हणाला, धुतली मास्तर, आत उतरून धुतली,
आणि हात पुढे केले, कोपरापर्यंत सोललेले.
मी हात बघितले नाहीत, टाकी बघितली.
टाकी लख्ख होती.
म्हणून तर म्हणालो,
आत्ता धुतलीस, चोरा.

टाकीच्या बुडाशी पितळी व्हॉल्व्ह होता.
तो कुणी उघडला नव्हता.

"पाणी गेलं," नागूबाई म्हणते, आणि आत जाते.
माझ्याकडे अर्धी बादली.
थेंब मोजून आयोडीन टाकतो,
पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो.
तोटीचे दोन्ही तुकडे त्यात बुडवतो.
दहा मिनिटं ठेवायचे.
मग पुसायचं नाही, फुंकायचं नाही,
आपसूक निथळू द्यायचं,
एवढं लावण्यानं कागदावर लिहून दिलंय.
त्या दहा मिनिटांत काय करायचं, ते नाही लिहिलं.

इरण्णाचं आडनाव आठवत बसतो.
हजेरी तर मीच लिहायचो.